सामाईक नळाची लाइन दरवर्षी त्याच जागी फुटते? आधी टप्पे ठरवा, मग खोदा

एकाच फेरूलवरून, म्हणजे रस्त्यातल्या मुख्य वाहिनीवरच्या एकाच जोडणीवरून, दोन-तीन घरांना पाणी जातं, लाइन एकाच्या अंगणातून दुसऱ्याच्या परसात निघते आणि वैशाखात नाहीतर मृगाच्या पहिल्या पावसानंतर ती गळायला लागते. प्लंबर येतो, हातभर खड्डा काढतो, सायकलची ट्यूब गुंडाळून तार आवळतो किंवा एखादं सॉकेट बदलतो, माती लोटतो आणि जातो. पैसे देतो तो, ज्याच्या दारात चिखल झालाय. पुढच्या उन्हाळ्यात लाइन तिथेच, नाहीतर तिथून दोन हातांवर पुन्हा फुटते. मधल्या काळात दोन घरांचं बोलणं मात्र तुटलेलं असतं.

सांगलीत हा प्रकार घरोघरी दिसतो, आणि त्याला कारणं आहेत. गावभागात, खणभागात वाड्यांच्या वाटण्या झाल्या, भिंती उभ्या राहिल्या, पण नळ एकच राहिला. शामरावनगरसारख्या गुंठेवारीच्या भागांत लोक आधी राहायला आले, सुविधा मागून आल्या. तोवर चार-सहा प्लॉटवाल्यांनी वर्गणी काढून इंचाची लाइन ओढून घेतली. तेव्हा सगळे एका विचाराचे होते म्हणून कागद कुणी केला नाही. आता त्यातले दोघे प्लॉट विकून गेलेत आणि नवीन आलेल्याला लाइन कुठून जाते हेही ठाऊक नाही.

माझं ठाम मत आहे की अशी लाइन पुन्हा पुन्हा फुटते ती बेवारस असते म्हणून. कुठला टप्पा कोणाचा हे ठरलेलं नसलं की प्रत्येक जण स्वस्तात स्वस्त ठिगळ लावतो. दुसऱ्यालाही लागणाऱ्या पाइपावर आपण जास्त पैसे का घालायचे, असं त्याला वाटतं, आणि त्याचं तसं वाटणं चूकही नाही. म्हणून खाली पैशाचं आणि पाइपाचं एकत्रच लिहितोय. यातलं एकच केलंत तर पुढच्या वर्षी पुन्हा खोदाल.

लाइन नेमकी कोणाची

खोदण्याआधी पाणीपट्टीची बिलं काढा. कनेक्शन कोणाच्या नावावर आहे, एकच आहे की घरागणिक वेगळं, मीटर कुठे बसलाय, हे बघा. साधारण तीन प्रकार निघतात. एक, कनेक्शन एकाच्या नावावर आणि बाकीच्यांना त्यातून पोटशाखा. दोन, कनेक्शन प्रत्येकाचं वेगळं, पण एकाची लाइन दुसऱ्याच्या जागेतून जाते. तीन, वर्गणीची लाइन. या तिन्हींत खर्चाचा हिशेब वेगळा पडतो. लोक तिन्ही एकाच मापाने मोजतात आणि तिथूनच भांडण सुरू होतं.

पहिल्या प्रकारात धोका जास्त आहे. आपल्या कनेक्शनवरून दुसऱ्याच्या घराला पाणी देऊ नये अशी अट नळजोडणीच्या मंजुरीत सहसा असते. शिवाय ज्याच्या नावावर बिल आहे त्याने ते थकवलं तर तिन्ही घरांचं पाणी तुटतं. वाटणीत भावाला वेगळं घर मिळालं पण नळ मात्र थोरल्याच्याच नावावर राहिला, अशी घरं जुन्या भागात पुष्कळ आहेत.

रस्त्यातली मुख्य वाहिनी महापालिकेची. मुख्य वाहिनीवर छिद्र पाडून जिथे फेरूल बसवतात, तिथून घरापर्यंतचा पाइप सर्वसाधारण रीतीने ग्राहकाने सांभाळायचा असतो. त्यामुळे गळती मुख्य वाहिनीवर असेल तर आपण पैसे काढायचं कारण नाही, प्रभाग कार्यालयाच्या पाणीपुरवठा विभागात लेखी तक्रार द्यायची आणि पोच घ्यायची. गळती आपल्याच पाइपावर पण रस्त्याखाली असेल तर रस्ता खोदायची परवानगी काढावी लागते, खोदाईचे पैसे भरावे लागतात. रात्रीत गुपचूप खोदून काम उरकायचा मोह अनेकांना होतो. तो टाळा. शेजारची दुसरी लाइन तुटली की तिचाही खर्च अंगावर येतो.

कायदा काय म्हणतो, थोडक्यात पण नीट

"लाइन तुमच्या दारात फुटलीय, मग तुम्हीच बघा की." हे वाक्य आपल्याकडे इतकं सर्रास बोललं जातं की लोकांना तोच नियम वाटतो. नियम बरोबर उलटा आहे.

भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ सालचा आहे. आपण ज्याला वहिवाटीचा हक्क म्हणतो तो याच कायद्यातला. त्याच्या कलम २४ मध्ये आपल्याच भांडणाचं उदाहरण दिलंय: एकाला दुसऱ्याच्या जमिनीतून आपल्या टाकीला पाणी न्यायला पाइप ठेवायचा हक्क असेल, तर तो दुरुस्तीसाठी त्या जमिनीत जाऊन खोदू शकतो, पण काम झाल्यावर जमीन पहिल्यासारखी करून द्यायची. कलम २५ म्हणतं की अशा कामाचा आणि दुरुस्तीचा खर्च ज्याला त्या हक्काचा फायदा मिळतो त्याने करायचा. कलम २६ पुढे जाऊन सांगतं की दुरुस्ती न केल्यामुळे ज्याच्या जमिनीतून लाइन जाते त्याचं नुकसान झालं, तर भरपाईही फायदा घेणाऱ्यानेच द्यायची. आणि कलम २७ प्रमाणे जमीनमालकाने स्वतः काही करायची सक्ती नाही, पण त्या हक्काला अडचण होईल असंही काही करायचं नाही.

रोजच्या व्यवहारात याचा अर्थ असा. तुमची लाइन शेजारच्या काकूंच्या अंगणातून जाते आणि तिथे फुटली, तर खर्च तुमचा. त्यांची शहाबादी फरशी उचकटली तर ती परत बसवून द्यायचीही तुम्ही. पाण्याने त्यांच्या भिंतीला ओल आली तर तीही तुमच्याच खात्यावर. पण काकूंनी खोदूच न देणं, किंवा लाइनवर गच्च स्लॅब ओतून खोली बांधणं, हे त्यांना करता येत नाही. जमीन त्यांची असली तरी.

हा हक्क असतो कधी? तो लेखी दिलेला असू शकतो. घराच्या वाटणीच्या वेळी लाइन उघड दिसत होती, कायम वापरात होती आणि वाटणीत आलेला हिस्सा वापरायला ती गरजेची होती, तर कलम १३ खाली तो वाटणीबरोबर येतो. वाड्यांच्या बाबतीत हेच कलम कामाला येतं. किंवा २० वर्षं उघडपणे, भांडण न होता, खंड न पडता आणि हक्काने वापर झाला असेल तर कलम १५ खाली मिळतो. इथे "हक्काने" हा शब्द महत्त्वाचा. शेजारधर्म म्हणून परवानगी दिली असेल तर ती परवानगीच राहते, २० वर्षांनी तिचा आपोआप हक्क होत नाही. मात्र त्या परवानगीवर विसंबून कोणी पक्कं काम केलं असेल, त्यात पैसा घातला असेल, तर कलम ६० मुळे ती मनात आलं म्हणून काढून घेता येत नाही.

वर्गणीच्या लाइनीत सगळेच मालक आणि सगळेच फायदेकरी, त्यामुळे तिथे खर्चाचं कलम २५ सरळ लावता येत नाही. तिथे वाटणीच ठरवावी लागते.

गळती शोधणं

यात घाई केली की सगळं अंगण खणून निघतं. आपल्याकडची काळी माती फसवते. ती ओली झाली की चिकटून घट्ट होते आणि पाण्याला खाली जाऊ देत नाही. मग पाणी पाइपाच्या चरातूनच पळतं, कारण तिथली माती एकदा उकरलेली, भुसभुशीत असते. ओल वर दिसते ती गळतीपासून बऱ्याच अंतरावर. म्हणून ओलीच्या जागी थेट कुदळ घालू नका, चर जिकडून चढाचा आहे तिकडे सरकत या. उन्हाळ्यात उलटं होतं. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात, त्या सगळं पाणी गिळतात आणि वर थेंबभर ओल येत नाही. अशा वेळी हराळी बघा. बाकी अंगण करपलेलं आणि एकाच पट्ट्यात हराळी हिरवीगार, तर खाली पाणी आहे.

पाणी सुटलेलं असताना तिन्ही घरांचे नळ आणि टाकीचे व्हॉल्व्ह पक्के बंद करा. मीटर असेल तर त्याचा बारीक काटा किंवा चक्री बघा. सगळं बंद असताना ती फिरतेय म्हणजे मीटरच्या पुढे पाणी गळतंय. मीटर नसेल तर लांब दांड्याच्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक उघड्या पाइपावर टेकवा आणि मुठीला कान लावा. पहाटे, गाड्यांचा आवाज नसताना, गळतीचा सूं असा आवाज ऐकू येतो. एकेका घराच्या तोंडाशी ऐकत गेलं की आवाज कुठे मोठा होतो ते कळतं.

पाणी कमी येतंय पण गळती आहे की पाइप तुंबलाय हे कळत नसेल, तर बादली लावा. बाकीची घरं बंद ठेवून पहिल्या घरात १० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोजा, मग त्याच पाण्याच्या वेळेत मधल्या आणि शेवटच्या घरात मोजा. जिथे वेळ एकदम वाढते त्या टप्प्यात दोष आहे. आता त्या टप्प्यापुढचे सगळे नळ बंद करून ऐका. पाणी वाहिल्याचा आवाज आला तर गळती, काहीच आवाज नाही तर पाइप आतून तुंबलाय. जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपात गंज आणि क्षार बसून अर्ध्या इंचाची वाट पेन्सिलीएवढी होते. तुंबलेल्या पाइपाला कितीही ठिगळं लावा, शेवटच्या घराला पाणी मिळणार नाही.

मिनिटाला एक लिटर गळती म्हणजे दोन तासांच्या पाण्यात १२० लिटर जमिनीत जातं. आणि जातं तेवढंच नाही, परतही येतं. पाणी बंद झालं की लाइन रिकामी होते, आतला दाब उतरतो, आणि त्याच भोकातून बाहेरचा चिखल, गटाराचं पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी ते पहिल्या घागरीतून घरात येतं. गल्लीत पोटाच्या तक्रारी सुरू झाल्या की त्याचं मूळ कित्येकदा अशा एका भोकात असतं. लहान लेकरं आणि म्हातारी माणसं यात आधी सापडतात, म्हणून "थोडीच तर गळतेय" हे ऐकून घेऊ नका.

याचा शोध घ्यायला ओटी चाचणी फार कामाची. आरोग्य सेवकांकडे ते द्रावण असतं. नळाच्या पाण्यात ते टाकलं की क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. नळाशी दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं असं मानक आहे. तिन्ही घरांचं पाणी एकाच वेळी तपासा. पहिल्या घरात पिवळा रंग येतो आणि शेवटच्या घरात येत नाही, तर या दोघांच्या मधे घाण आत शिरत असण्याची दाट शक्यता आहे. त्या टप्प्याचं पाणी दुरुस्तीपर्यंत उकळूनच प्या.

मोटरचंही इथेच सांगतो. नळाला थेट मोटर लावून पाणी ओढणं नियमाबाहेर आहे हे सगळ्यांना माहीत असतं. ती मोटर शेजाऱ्याचं पाणी तर ओढतेच, पण पाइपात पोकळी करून प्रत्येक फटीतून घाणही ओढते. आणि ती जाते मोटर लावणाऱ्याच्याच हंड्यात. तसंच, बोअरची लाइन आणि नळाची लाइन एकमेकांना कधीही जोडू नका, मधे व्हॉल्व्ह असला तरी.

त्याच जागी का फुटते

काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. वर्षातून एकदा ती पाइपाला उचलते आणि एकदा खाली सोडते. हा हलवण्याचा जोर वरच्या थरात सगळ्यात जास्त असतो, आणि आपली लाइन नेमकी वीतभर खोलीवर पुरलेली असते. त्यातून घराचा पाया खोल गेलेला असल्यामुळे भिंत जागची हलत नाही. भिंतीत सिमेंटने पकडलेला पाइप स्थिर, बाहेरचा पाइप हलता, आणि दोघांच्या मधे जोत्यापाशी बसवलेला एल्बो. मोडतो तोच. तुमची लाइन दरवर्षी भिंतीपासून हातभर अंतरात फुटत असेल तर कारण हेच आहे. एल्बो कितीही चांगला आणलात तरी तो पुन्हा मोडेल.

दुसरं कारण क्षार. कृष्णाकाठी मिरज, वाळवा, पलूसच्या पट्ट्यात किती जमिनी क्षारपड झाल्यात हे शेतकऱ्याला सांगायला नको. अशा मातीत जीआय पाइप बाहेरून गंजतो, आणि सुरुवात आट्यांपासून होते. आटे पाडताना वरचा जस्ताचा थर निघून जातो आणि पाइपाची जाडीही कमी होते. म्हणून सॉकेटच्या तोंडाशी सुईएवढी भोकं पडतात. एक भोक बुजवलं की शेजारचं उघडतं, कारण सगळा पाइप एकाच वयाचा असतो.

पूर येऊन गेलेल्या भागात तिसरं कारण जोडलं जातं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांपुढे गेलं, इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट असताना. अशा पुरात जमीन कित्येक दिवस पाण्याखाली राहते, मग खचते, आणि सांधे सैल होतात. पूर ओसरल्यावर पहिलं पाणी बराच वेळ वाहू द्यावं, टाकी धुऊन ब्लीचिंग पावडरने निर्जंतुक करावी, आणि सामाईक लाइनीची बादली-चाचणी त्याच आठवड्यात करून घ्यावी.

दुरुस्ती

ज्या टप्प्यात दोष आहे तो सगळा टप्पा बदला. दोन फुटांचा तुकडा बदलून जुन्या गंजक्या पाइपाला नवीन पाइप जोडला की फुटायची जागा फक्त सरकते. हा सगळ्यात महागडा सल्ला वाटतो, पण मजुरी आणि फरशीचा खर्च दरवर्षी मोजलात तर तोच स्वस्त पडतो.

पाइप एमडीपीई किंवा एचडीपीई (लवचीक प्लास्टिकचा) घ्या, पिण्याच्या पाण्याचा, आयएसआय किंवा तत्सम शिक्का असलेला. तो गुंडाळीत मिळतो, त्यामुळे एका टप्प्यात मधे एकही सांधा येत नाही, तो गंजत नाही आणि माती हलली तर थोडा वाकतो. चरात तो ताणून सरळ टाकू नका, किंचित नागमोडी टाका. चर अडीच-तीन फूट घ्या, निदान जिथून गाडी जाते तिथे तरी. पाइपाच्या खाली, वर आणि दोन्ही बाजूंना चार-सहा इंच वाळू किंवा क्रश सँड, त्यावर मुरूम. काढलेली काळी ढेकळं पाइपावर परत लोटू नका. काम करणारे इथेच सगळ्यात जास्त टाळाटाळ करतात, कारण माती उचलून न्यावी लागते. तिथे उभं राहून करून घ्या.

भिंतीतून पाइप नेताना मोठ्या पाइपाचा तुकडा बसवून त्यातून न्या आणि मधली फट सिमेंटने भरू नका, लवचीक सीलंट घाला. जोत्यापाशी मोडणारा एल्बो यानेच वाचतो. गटार ओलांडावंच लागलं तर वरून आणि एका आवरण-पाइपातून न्या, गटाराच्या आतून कधीच नको. प्रत्येक घराच्या फाट्यावर बॉल व्हॉल्व्ह, युनियन (पान्याने खोलता येणारा सांधा) आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, तिन्ही झाकण असलेल्या लहान चेंबरमधे. युनियन असला की पुढच्या वेळी करवत चालवावी लागत नाही. नॉन-रिटर्न असला की एकाच्या टाकीतलं पाणी दुसऱ्याच्या नळात उलटं येत नाही.

तीन घरं अर्ध्या इंचावर असतील तर सामाईक टप्पा इंचाचा करा. पाइपाचा व्यास दुप्पट झाला की त्याच दाबाला पाणी पाचपटीहून जास्त वाहू शकतं. पण फेरूल जेवढा मंजूर आहे त्यातून येईल तेवढंच पाणी मिळणार. इंचाचा पाइप टाकला म्हणून मूळ पाणी वाढत नाही, फक्त वाटेत अडत नाही. हे शेवटच्या घरातल्या लोकांना आधीच सांगा, नाहीतर काम झाल्यावर त्यांना फसवल्यासारखं वाटतं.

चर बुजवायच्या आधी एक पूर्ण पाण्याची वेळ उघडाच ठेवा, सगळे सांधे कोरड्या फडक्याने पुसून बघा. भिंतीपासून टेप लावून फोटो काढा. हा फोटो पुढच्या कागदाला जोडायचा आहे.

पैशाची वाटणी

रस्त्यापासून पहिल्या घराच्या फाट्यापर्यंतचा पहिला टप्पा, तिथून मधल्या घराच्या फाट्यापर्यंत दुसरा, तिथून शेवटच्या घरापर्यंत तिसरा. ज्या टप्प्यातून ज्याचं पाणी जातं त्याने त्या टप्प्याचा खर्च उचलायचा. समजा पहिल्या टप्प्यात ३,००० रुपये लागले, तर प्रत्येकी १,०००. दुसऱ्या टप्प्यात ३,००० लागले, तर मधलं आणि शेवटचं घर प्रत्येकी १,५००, पहिलं घर शून्य, जरी खोदाई पहिल्या घराच्या परसात झाली तरी. तिसरा टप्पा एकट्या शेवटच्या घराचा.

यावर शेवटच्या घरातून हमखास हरकत येते: "अण्णा, तुम्ही पहिले, तुम्हाला पाणी आधी. आम्ही शेवटचे, आम्हाला उरलेलं, आणि खर्च मात्र आम्हालाच जास्त?" ही हरकत खरी आहे, ती उडवून लावू नका. तिचं उत्तर खर्च कमी करण्यात नाही, पाणी समान करण्यात आहे. पहिल्या घराचा व्हॉल्व्ह थोडा आवळून ठेवायचा, किंवा वेळ वाटून घ्यायची, पहिल्या तासात शेवटचं घर आणि नंतर पहिलं. पाण्याचा वाटा बरोबर झाला की टप्प्याचा हिशेब कुणालाही पटतो. काही गल्ल्यांत माणशी हिशेब काढतात. पाणीपट्टी माणशी वाटणं रास्त आहे, पण पाइप टप्प्यानेच वाटावा. घरात माणसं सहा असोत की दोन, पाइप तेवढाच लांब लागतो.

एक अपवाद. पाइप कुणाच्या कामामुळे फुटला, म्हणजे कंपाउंडचा पाया खोदताना, बोअरची गाडी आणताना, नाहीतर लाइनीवर लावलेल्या उंबराच्या मुळांमुळे, तर सगळा खर्च त्या घराचा. यात वाटणी नको.

हे सगळं एका पानावर लिहा. हाताने काढलेला नकाशा, टप्प्यांची लांबी, व्हॉल्व्ह कुठे आहेत, कोणत्या टप्प्यात कोण किती देणार. गळती दिसली की कोणी कोणाला कळवायचं आणि किती दिवसांत काम सुरू करायचं. कोणी गावाला गेलं असेल तर त्याच्या आवारात शिरून दुरुस्ती करता येईल, ही परवानगी. आणि जो घर विकेल त्याने हा कागद घेणाऱ्याला दाखवून त्याची सही घ्यायची. हे कलम लोक विसरतात आणि नवा शेजारी आला की सगळं पहिल्यापासून सुरू होतं. खर्चाच्या वाटणीपुरता सह्यांचा साधा कागदही पुष्कळ आधार देतो. पण जमिनीतून लाइन नेण्याचा कायमचा हक्क देत-घेत असाल तर वकिलाकडून दस्त करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवा.

शेजारी तयारच नसेल तर

त्याची शाखा बंद करू नका. कितीही राग आला तरी. पाणी तोडलं की तुमची बाजू बरोबर असूनही तुम्हीच उत्तर देत बसाल.

गळतीचे तारखेसकट फोटो काढा. प्लंबरकडून टप्प्यानुसार लेखी अंदाज घ्या. तो जोडून शेजाऱ्याला पत्र द्या: अमुक तारखेपर्यंत एकत्र काम करू, नाहीतर आम्ही करून घेऊ आणि तुमचा वाटा मागू. पत्र हातात घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती ठेवा. मग काम करून पावत्या जपून ठेवा. भारतीय करार अधिनियम १८७२ चं कलम ७० असं आहे की एखाद्याने फुकट करायच्या हेतूने नव्हे असं दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही काम केलं आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने त्याची भरपाई द्यायची. आधी दिलेलं पत्र इथे तुमच्या बाजूने बोलतं.

एवढ्याशा रकमेसाठी दिवाणी दाव्यात पडू नका. तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल होण्याआधीच अर्ज देता येतो, तडजोड लोक अदालतीत होते. तिथे कोर्ट फी नाही, आणि झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच बांधील असतो, त्यावर अपील नाही. मोफत वकील लागला तर स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण अशा भांडणांत घरी एकट्या राहणाऱ्या काकू, मावशी सगळ्यात जास्त दबल्या जातात. खेड्यात असाल तर तंटामुक्त समितीत आधी बसून बघा.

खोदायलाच अडवत असतील आणि घरात पाणीच नसेल, तर मात्र वकिलाला भेटून मनाई हुकमाचा अर्ज लवकर करा. सुविधाधिकाराचा पुरावा म्हणून जुनी पाणीपट्टीची बिलं, वाटणीपत्र, शेजारपाजारच्या जुन्या माणसांचे जबाब उपयोगी पडतात. ती बिलं रद्दीत घालू नका.

सगळ्यात पक्का उपाय

रस्त्यात महापालिकेची वाहिनी आली असेल तर प्रत्येक घराने आपलं कनेक्शन वेगळं घ्यावं. गुंठेवारीच्या भागात वर्गणीची लाइन टाकली तेव्हा वाहिनी नव्हती, आता असेल. जाऊन चौकशी करा. खेड्यांत जल जीवन मिशन २०१९ पासून घराला नळ आणि माणशी ५५ लिटर याच हिशेबाने चालू आहे, तिथे ग्रामपंचायतीत विचारा. तिघांनी एकाच वेळी अर्ज दिला तर रस्ता एकदाच खोदता येतो आणि खोदाईचा खर्च वाटला जातो. वेगळी लाइन शक्यतो आपल्याच हद्दीतून न्या, मग ती दोन-चार फूट लांब पडली तरी चालेल.

नवीन पाणी सुरू झालं की जुनी सामाईक लाइन तशीच सोडू नका. फक्त घरातला नळ बंद केला तर ती जमिनीत भरलेली राहते, गळत राहते आणि दाब उतरला की घाण मुख्य वाहिनीत ढकलते. तिचा फेरूलच रस्त्यात बंद करून घ्या, त्या जोडणीचं कनेक्शन रद्द केल्याचा दाखला मागून घ्या, आणि तो पाणीपट्टीच्या शेवटच्या बिलाला टाचून ठेवा.